१८४४६७४४०७३७०९५५१६१५ : पटावरच्या दाण्यांचा आकडा आतून कसा आहे?

प्रमेय (धागाकर्ता)

बुद्धिबळाचा पट आणि गव्हाचे दाणे ही गोष्ट बहुतेकांनी लहानपणीच ऐकलेली असते. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दुप्पट करत चौसष्ट घरं भरायची. एकूण दाणे १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. गोष्ट सांगणारा हा आकडा शेवटी सांगतो, ऐकणारा "अबब!" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो.

मला या धाग्यात तो आकडाच उघडून बघायचा आहे. माझं स्पष्ट मत असं की मोठेपणा हा या संख्येचा सगळ्यात किरकोळ गुण आहे. वीस अंकी संख्या हव्या तेवढ्या आहेत. पण या संख्येचे मूळ अवयव पाडले, तर सतराव्या शतकापासून आजवरच्या अंकगणिताचा एक मोठा तुकडा त्यात सापडतो.

एकूण दाणे म्हणजे २^६४ − १ (२ चा ६४वा घात, वजा १; पुढेही असंच लिहीन). ६४ सम आहे, म्हणून हे वर्गांतर झालं. आठवीतलं सूत्र लावा:

२^६४ − १ = (२^३२ − १)(२^३२ + १)

डावा कंस पुन्हा वर्गांतर. तो फोडला की (२^१६ − १)(२^१६ + १). त्यातला डावा पुन्हा फोडायचा. असं करत शेवटी २ − १ म्हणजे १ उरतो, आणि सगळे 'अधिक'वाले कंस हाती येतात:

३ × ५ × १७ × २५७ × ६५५३७ × ४२९४९६७२९७

कागदावर उलट्या दिशेनेही करून बघा. ३ गुणिले ५ पंधरा, पंधरा गुणिले १७ बरोबर २५५, २५५ गुणिले २५७ बरोबर ६५५३५, त्याला ६५५३७ ने गुणलं की ४२९४९६७२९५. दर वेळी आलेल्या गुणाकारापेक्षा दोनने मोठी संख्या पुढचा गुणक होते. यावरून लगेच आणखी एक गोष्ट कळते. यातल्या कोणत्याही दोन संख्यांना सामाईक अवयव असता, तर त्याने २ लाही भागायला हवं होतं. पण सगळ्या संख्या विषम आहेत, म्हणजे असा अवयव असणं शक्यच नाही.

या सहा संख्यांना फर्मा संख्या म्हणतात. पिएर द फर्मा हा फ्रान्समधला न्यायाधीश, गणित फावल्या वेळात करणारा. १६४० च्या सुमाराला त्याने पत्रांतून लिहिलं की या साच्यातल्या (२, ४, १६, २५६ असा दर वेळी आधीच्याचा वर्ग, अधिक १) सगळ्याच संख्या मूळ असाव्यात. ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाच खरोखरच मूळ आहेत. सहावी ४२९४९६७२९७. तिच्याबद्दल जवळजवळ शंभर वर्षं कोणी काही ठाम बोललं नाही. १७२९ च्या डिसेंबरात गोल्डबाख या गणितज्ञाने ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाला लिहिलेल्या पत्राच्या ताजा कलमात फर्माचं हे विधान माहीत आहे का असं विचारलं, आणि १७३२ मध्ये ऑयलरने दाखवून दिलं:

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

म्हणजे पटावरच्या दाण्यांचे मूळ अवयव सात: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७, ६७००४१७. प्रत्येक एकेकदाच येतो. त्यामुळे विभाजक बरोबर १२८, हाही दोनाचाच घात.

फर्माचं बरोबर ठरलेलं सगळं आणि पहिल्यांदा चुकलेलं एक, अशा सहाही संख्या या एका आकड्यात लागोपाठ आहेत. गोष्टीत चौसष्टऐवजी बत्तीस घरं असती, तर आकड्यात फर्मा सगळीकडे बरोबर दिसला असता. मला हे फार विलक्षण वाटतं.

ज्यांना या आकड्याबद्दल आणखी काही माहीत आहे त्यांनी जरूर लिहा. एकट्याने पुरवण्यासारखा विषय नाही.

काळी_माती

छान धागा. अवयवांचं मी आजच वाचलं. दाण्यांच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण घरी गहू होतो आणि गोष्टीतलं "कोठार रिकामं झालं" हे नेमकं कुठल्या घरात झालं असेल याचा हिशोब मला कायम करावासा वाटायचा.

गव्हाच्या हजार दाण्यांचं वजन वाणाप्रमाणे बदलतं, साधारण ४० ग्रॅम धरू. पटावर आठ ओळी, प्रत्येकीत आठ घरं.

पहिली ओळ भरली की २५५ दाणे, दहा ग्रॅम. एक चिमूट. दोन ओळी मिळून २.६ किलो, म्हणजे घरातलं थोड्या दिवसांचं पीठ. तीन ओळी ६७१ किलो. चौथी ओळ संपली, म्हणजे अर्धा पट भरला, की १,७१८ क्विंटल. ५० किलोची साधारण ३,४३६ पोती. बाजार समितीत ही आवक मोठी आहे, पण डोळ्यांनी बघता येईल अशी आहे. राजा अजून हसत असणार.

पाच ओळींना ४३,९८० टन. सहा ओळींना सव्वा कोटी टनाच्या जरा खाली. भारतात वर्षाला साधारण ११ कोटी टन गहू होतो, त्याचा दहावा हिस्सा. सात ओळींना २८८ कोटी टन, म्हणजे आजच्या जगाचं साडेतीन वर्षांचं पीक. आणि आठवी ओळ भरली की ७३,७८७ कोटी टन. जगात आज वर्षाला ८० कोटी टनांच्या आसपास गहू पिकतो, त्या हिशोबाने नऊशेच्या वर वर्षं.

म्हणजे कुठलंही खरं कोठार पाचव्या ओळीतच संपलं असणार. शेवटच्या दोन ओळी निव्वळ गणिताच्या आहेत.

प्रमेय

@काळी_माती, प्रतिसाद फार आवडला. तुमच्या ओळींच्या बेरजा अवयवांशी थेट जुळतात. एक ओळ २५५ म्हणजे ३ × ५ × १७. दोन ओळी मिळून ६५५३५, त्यात २५७ ची भर. चार ओळींत ६५५३७ येऊन मिळतो. आठ ओळींत शेवटचा ४२९४९६७२९७. ओळी दुप्पट झाल्या की एक नवी फर्मा संख्या आत येते.

रेघोटी

एक प्रश्न. स्प्रेडशीटमध्ये =२^६४-१ टाकलं तर १८४४६७४४०७३७०९६००००० असं येतं. शेवटचे अंक वेगळेच. फोनमधल्या कॅल्क्युलेटरवर आणखी वेगळं. मग बरोबर आकडा पहिल्यांदा काढला कोणी आणि कशाने?

द्विमान

@रेघोटी, पहिल्या भागाचं उत्तर देतो. स्प्रेडशीट साधारणपणे पंधरा सार्थ अंक दाखवते, पुढे शून्यं भरते. पण खरी अडचण त्याच्याही खाली आहे. बहुतेक ठिकाणी संख्या ज्या दशांश-चिन्हवाल्या साच्यात साठवतात, त्यात संख्येच्या अंकांसाठी ५३ बिट (० किंवा १ लिहायच्या जागा) असतात. २^६३ ते २^६४ या पट्ट्यात त्या साच्याला फक्त २०४८ च्या अंतराने संख्या दिसतात. त्यामुळे २^६४ − १ आणि २^६४ या दोन्ही संख्या त्याच्यासाठी एकच. एक दाणा कमी आहे की नाही, हे यंत्राला कळतच नाही.

आणि तरीही हाच आकडा यंत्राच्या अगदी आतला आहे. ६४ बिटांत मावणारी सगळ्यात मोठी पूर्णांक संख्या (चिन्ह न धरता) हीच: चौसष्ट एकं एका रांगेत. सोळाच्या पायात लिहिली तर सोळा एफ. तिच्यात एक मिळवा, सगळी एकं जाऊन शून्य होतं. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना ही चूक शोधताना रात्री जागाव्या लागतात, कारण एरवी सगळं बरोबर चालत असतं. पूर्णांक म्हणून साठवा, किंवा हवे तेवढे अंक सांभाळणारी भाषा वापरा (पायथन सांभाळते), म्हणजे शेवटचे ६१५ दिसतील.

निवृत्त_मास्तर

वीस अंकी संख्येची तपासणी यंत्राशिवायही बरीच होते. वर्गात मी अशी संख्या फळ्यावर लिहून मुलांना सांगायचो, आधी अंकांची बेरीज करा. इथे ती ८७ येते. ३ ने भाग जातो, ९ ने जात नाही, बाकी ६. आता दुसऱ्या वाटेने: २ च्या घातांना ९ ने भागलं तर बाक्या २, ४, ८, ७, ५, १ अशा येतात आणि सहा पावलांनी चक्र फिरून परत येतं. ६४ ला ६ ने भागून बाकी ४, म्हणजे चौथी बाकी ७. त्यातून एक गेला, ६. जुळलं.

अकराची कसोटीही लावा. उजवीकडून एकाआड एक अंकांची बेरीज ६२, उरलेल्यांची २५, फरक ३७, बाकी ४. आणि २ च्या घातांवरून: दहा पावलांचं चक्र, ६४ ची बाकी ४, २^४ म्हणजे १६, अकराने बाकी ५, त्यातून एक गेला, ४. जुळलं.

दोन्ही कसोट्या उतरल्या तर लिहिताना अंक इकडचा तिकडे झालेला नाही याची बऱ्यापैकी खात्री पटते. आठवी-नववीच्या मुलांना हे अवश्य द्यावं. मोठ्या संख्येची भीती जाते.

साशंक

मला ६४१ चं कोडं आहे. ऑयलर काय ३, ७, ११, १३ असं भागत ६४१ पर्यंत गेला? ६४१ च्या आत शंभराच्या वर मूळ संख्या आहेत. आणि ६७००४१७ मूळ आहे हे पुन्हा शेकडो भागाकार करून ठरवलं का?

प्रमेय

@साशंक, अगदी योग्य जागी बोट ठेवलंत. हाच या आकड्याचा सर्वात सुंदर भाग आहे, जरा सविस्तर लिहितो.

समजा प ही मूळ संख्या २^३२ + १ ला भागते. म्हणजे २^३२ ला प ने भागलं तर बाकी −१ (पूर्ण भाग जायला एक कमी पडतो). वर्ग केला की २^६४ ची बाकी १. वर मास्तरांनी दाखवलं तसं २ च्या घातांच्या बाक्यांचं चक्र असतं. इथे ६४ पावलांनी १ परत आला, पण ३२ व्या पावलाला तो −१ होता. ६४ चे विभाजक म्हणजे नुसते दोनाचे घात, त्यामुळे चक्राची लांबी ६४ पेक्षा लहान असूच शकत नाही. बरोबर ६४. आता फर्माचं छोटं प्रमेय सांगतं की चक्राची लांबी प − १ ला भागलीच पाहिजे. म्हणून प नेहमी ६४ च्या पटीत एक मिळवून येते.

फर्माचं विधान पाडायला फर्माचंच प्रमेय कामी आलं, हे लक्षात घ्या.

६४ च्या पटीत अधिक १: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या प्रयत्नात काम झालं! पुढे १८७८ मध्ये एद्वार ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने दाखवलं की ६४ च्या जागी १२८ घेतलं तरी चालतं. मग ६४१ पर्यंत उरतात फक्त २५७ आणि ६४१. त्यातली २५७ ही स्वतःच आधीची फर्मा संख्या, तिचा सामाईक अवयव नसतो हे धाग्याच्या सुरुवातीलाच आलंय. म्हणजे खरा उमेदवार पहिलाच.

भागाकार न करताही पटवून घेता येतं. ६४१ दोन तऱ्हांनी लिहा:

६४१ = ५ × १२८ + १ = ५ × २^७ + १
६४१ = ६२५ + १६ = ५^४ + २^४

पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतो. झालं, −२^३२ ची बाकी १, म्हणजे २^३२ + १ ला ६४१ ने पूर्ण भाग जातो. चार ओळींत दहा अंकी संख्येचा निकाल लागतो.

आता ६७००४१७. तिचं वर्गमूळ २५८८ च्या जरा वर. तिचा कुठलाही मूळ अवयव तोच ४२९४९६७२९७ चाही अवयव, म्हणून तोही १२८ च्या पटीत अधिक १. अशा २५८८ पर्यंतच्या मूळ संख्या मोजून पाच: २५७, ६४१, ७६९, ११५३, १४०९. २५७ वर सांगितल्याप्रमाणे बाद. उरलेल्या चारांनी भागून बघा. ६४१ ने बाकी ४४, ७६९ ने १२०, ११५३ ने ३३४, १४०९ ने ६२२. एकानेही भाग जात नाही, म्हणजे मूळ. चार भागाकार, बस्स.

साशंक

चारही भागाकार करून बघितले, बाक्या जुळल्या. ६४१ = ५^४ + २^४ हे बघून खरंच थक्क झालो. धन्यवाद.

चक्रवाल

@रेघोटी, "कशाने काढला" याचं उत्तर भास्कराचार्यांच्या लीलावतीतून देता येतं (शके १०७२, म्हणजे इ. स. ११५०). त्यात हा पट नाही, पण रीत नेमकी हीच आहे.

उदाहरण असं: एकाने पहिल्या दिवशी दोन कवड्या दान दिल्या आणि रोज दुप्पट द्यायचं ठरवलं. महिन्याभरात किती निष्क झाले? रीत अशी की पदांची संख्या, इथे ३०, घ्यायची. सम असेल तर निम्मी करा आणि बाजूला 'वर्ग' लिहा. विषम असेल तर एक वजा करा आणि 'गुण' लिहा. शून्य होईपर्यंत. मग शेवटाकडून उलटं वर या.

३० वर्ग, १५ गुण, १४ वर्ग, ७ गुण, ६ वर्ग, ३ गुण, २ वर्ग, १ गुण. आता खालून वर: २, ४, ८, ६४, १२८, १६३८४, ३२७६८, १०७३७४१८२४. आठ पायऱ्यांत २^३०. त्यातून एक वजा, आणि पहिल्या दिवसाच्या दोनने गुणा. उत्तर २१४७४८३६४६ कवड्या. २० कवड्यांची काकिणी, ४ काकिणींचा पण, १६ पणांचा द्रम्म, १६ द्रम्मांचा निष्क. म्हणजे १०४८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. कागद घेऊन पडताळा, कवडीचाही फरक येत नाही.

आता ६४ घ्या. ६४, ३२, १६, ८, ४, २ हे सहा 'वर्ग' आणि शेवटी एक 'गुण'. खालून वर: २, ४, १६, २५६, ६५५३६, ४२९४९६७२९६, १८४४६७४४०७३७०९५५१६१६. फक्त सहा वेळा वर्ग केला की झालं. धागाकर्त्यांनी वरून खाली अवयव पाडले, त्याच या पायऱ्या. प्रत्येकीत एक मिळवला की फर्मा संख्या.

भास्कराचार्यांच्या त्या उत्तरात एक मिळवला तर २१४७४८३६४७ येते. ही मूळ आहे, हे ऑयलरने १७७२ मध्ये सिद्ध केलं.

लीलावतीतल्या स्थानांच्या नावांनी बोलायचं तर शेवटचं स्थान परार्ध, म्हणजे एकावर सतरा शून्यं. पटावरचे दाणे १८४ परार्धांच्या वर जातात. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ उभारला त्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. त्या भागात जाणं झालं तर आवर्जून बघा.

द्विमान

@चक्रवाल, ही वर्ग-गुण रीत आजही रोज चालते! बँकेचं पान उघडताना जे आरएसए (एक सांकेतिक पद्धत) प्रमाणपत्र तपासलं जातं, त्यातला सार्वजनिक घात (तपासताना संख्येचा जो घात काढायचा तो, सगळ्यांना उघड असलेला) बहुतेक वेळा ६५५३७ असतो. धाग्यातली पाचवी फर्मा संख्या. तुमच्या रीतीने करा: ६५५३७ विषम, एक वजा, 'गुण'. मग ६५५३६ पासून सोळा वेळा निम्मं, सोळा 'वर्ग'. शेकडो अंकी संख्येचा ६५५३७ वा घात सोळा वर्ग आणि एका गुणाकारात होतो. ही संख्या निवडण्याचं मोठं कारण तेच.

२१४७४८३६४७ बद्दलही सांगतो. ३२ बिटांत चिन्हासकट मावणारी सगळ्यात मोठी संख्या ती. १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणारी जुनी ३२ बिटांची घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला तिथे पोचतील, आणि पुढच्या सेकंदाला उलटतील. म्हणून सगळी यंत्रणा ६४ बिटांवर नेण्याचं काम चालू आहे.

वाटसरू

गोष्टीच्या उगमाबद्दल थोडं. आपण ती "प्राचीन भारतातली" म्हणून सांगतो. बुद्धिबळ इथलं हे खरं, पण गोष्टीचे जे जुने लेखी पुरावे सापडतात ते अरबी ग्रंथांत. तेराव्या शतकात इब्न खल्लिकान याने सिस्सा नावाच्या शोधकाची ही गोष्ट नोंदवली आहे. आणि त्याच्याही आधी, इ. स. १००० च्या सुमाराला अल्-बेरूनीने पटावरच्या दुपटीची पूर्ण बेरीज, शेवटच्या अंकापर्यंत, काढून दिली आहे.

दुसरी गोष्ट काशीची. मंदिरात हिऱ्याच्या तीन सुया, सोन्याच्या ६४ चकत्या, पुजारी एकेक चकती हलवतात आणि काम संपलं की जग बुडणार. ही गोष्ट आपल्याकडे फिरते तेव्हा पुराणातली म्हणून फिरते. ती आहे १८८३ मध्ये पॅरिसमध्ये आलेल्या एका खेळण्याबरोबरची, आणि ते खेळणं काढणारा एद्वार ल्युकाच, ज्याचं नाव वर १२८ च्या संदर्भात आलं. ६४ चकत्यांना लागणाऱ्या कमीत कमी हालचाली बरोबर आपल्याच आकड्याइतक्या. सेकंदाला एक धरली तर ५८,४५४ कोटी वर्षं. विश्वाचं वय १,३८० कोटी. जिथलं श्रेय तिथे द्यावं एवढंच म्हणणं आहे.

मेरू

भूमितीतला भाग राहिलाय, तो लिहितो.

गाउसने १७९६ मध्ये, वय अठरा, दाखवलं की १७ बाजूंचा सुसम बहुभुज नुसत्या पट्टी-कंपासने काढता येतो. युक्लिडनंतर दोन हजार वर्षं या यादीत कोणी भर घातली नव्हती. पुढे त्याने नियमच दिला आणि १८३७ मध्ये वाँत्झेलने त्याची दुसरी बाजू पुरी केली: बाजूंची संख्या विषम असेल, तर ती वेगवेगळ्या फर्मा मूळ संख्यांचा गुणाकार असली पाहिजे. अशा मूळ संख्या आजवर पाचच माहीत आहेत. म्हणजे शक्य असलेल्या विषम बाजू म्हणजे ४२९४९६७२९५ चे १ सोडून बाकीचे विभाजक, एकूण ३१. अर्ध्या पटावरच्या दाण्यांचे विभाजक! विषम बाजूंचा, आज माहीत असलेला सर्वात मोठा असा बहुभुज तेवढ्याच बाजूंचा, ४२९४९६७२९५. हर्मेस नावाच्या जर्मन गणितज्ञाने ६५५३७ बाजूंच्या बहुभुजावर दहा वर्षं घालवली आणि १८९४ मध्ये काम पुरं केलं. ते हस्तलिखित ग्योटिंगेनमध्ये जपून ठेवलेलं आहे.

आता मेरुप्रस्तार घ्या, पिंगलाच्या छंदःशास्त्रावरच्या हलायुधाच्या टीकेतला (दहावं शतक). वर १, खाली १ १, मग १ २ १, मग १ ३ ३ १; वरच्या दोन शेजारी अंकांची बेरीज खाली लिहायची. विषम अंकाला १ आणि सम अंकाला ० लिहा, आणि प्रत्येक ओळ द्विमान (दोनाच्या पायातली) संख्या म्हणून वाचा:

१ → १
१ १ → ३
१ ० १ → ५
१ १ १ १ → १५
१ ० ० ० १ → १७
१ १ ० ० १ १ → ५१
१ ० १ ० १ ० १ → ८५
१ १ १ १ १ १ १ १ → २५५

पुढची ओळ २५७. पहिल्या बत्तीस ओळी म्हणजे बरोबर ते बत्तीस विभाजक, चढत्या क्रमाने, एकही न गाळता. तेहतिसावी ओळ ४२९४९६७२९७, आणि तिथे ६४१ शिरल्यामुळे बहुभुजांशी नातं तुटतं. चौसष्टाव्या ओळीत सगळी एकं: १८४४६७४४०७३७०९५५१६१५.

मी ही ओळ हाताने चौकटीच्या वहीत रंगवत गेलो होतो. त्रिकोणात त्रिकोण उमटत जातात आणि ८, १६, ३२, ६४ व्या ओळीला पूर्ण भरलेली पट्टी येते. ज्यांच्या घरी शाळकरी मुलं आहेत त्यांनी नक्की करून बघा.

प्रमेय

@मेरू, बहुभुजांचं माहीत होतं, पण मेरुप्रस्ताराशी असा सांधा आहे हे माहीत नव्हतं. अप्रतिम. धाग्याचं चीज झालं.

रेघोटी

सगळ्यांचे आभार. दोनने पुढची संख्या, म्हणजे २^६४ + १, ही सातवी फर्मा संख्या होणार ना? ती मूळ आहे का?

प्रमेय

@रेघोटी, नाही. १८४४६७४४०७३७०९५५१६१७ = २७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१. हे अवयव १८८० मध्ये फोर्चुने लाँद्री याने काढले, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, हाताने. इथे अवयव २५६ च्या पटीत अधिक १ लागतो: २७४१७७ म्हणजे २५६ × १०७१ + १. ऑयलरला पाचव्या प्रयत्नात यश आलं, इथे मात्र रांग फार लांब आहे.

त्यापुढची संख्या १९७० पर्यंत फुटली नव्हती. मॉरिसन आणि ब्रिलहार्ट यांनी संगणकावर ती फोडली. ६५५३७ नंतर एकही फर्मा मूळ संख्या सापडलेली नाही. ३, ५, १७ यांना शून्यावी, पहिली, दुसरी असे क्रमांक दिले, तर पाचव्यापासून बत्तिसाव्यापर्यंतच्या सगळ्या संयुक्त आहेत हे सिद्ध झालंय. विसाव्या आणि चोविसाव्या संख्येचा तर एकही अवयव हाती नाही, तरी त्या संयुक्त आहेत हे पक्कं माहीत आहे. तेहतिसावी मूळ की संयुक्त, याचा निकाल अजून लागलेला नाही.

निवृत्त_मास्तर

२७४१७७ × ६७२८०४२१३१०७२१ हा गुणाकार शेजारच्या नववीतल्या दोघांना रविवारी करायला देतो. आधी नवाची कसोटी: डावीकडची बाकी १, उजवीकडची ८, गुणाकाराची ८. आणि २^६४ ची बाकी ७, अधिक एक, ८. म्हणजे सुरुवात तरी ठीक आहे. उत्तर आलं की इथे कळवतो.